महिनाअखेरपर्यंत थांबण्याची मुभा : पुण्यातील बेघर तरुण आणि निवाऱ्याचे काम

स्वारगेट परिसरात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे. पहाटे फिरायला निघाल्यावर त्यांना बसस्थानकाच्या कडेला आणि दुकानांच्या पायऱ्यांवर सतरा ते बावीस वर्षांची मुले झोपलेली दिसतात. शहरात निवारा केंद्रे असताना ही मुले तिथे का जात नाहीत, निवाऱ्याने त्यांचे नेमके काय भले होते, आणि घराच्या माडीवर एक खोली रिकामी असलेल्या माणसाने काय करावे, असे त्यांनी विचारले आहे. मुलांना ब्लँकेट द्यावे, असाही त्यांचा विचार आहे. पुण्यात गेली बावीस वर्षे रस्त्यावरची मुले आणि बालगृहांतून बाहेर पडलेले तरुण यांच्याबरोबर मी काम करते आहे. त्या अनुभवाच्या आधारे लिहिते.

सर, आपल्या प्रश्नातला वयाचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. पायरीवर झोपलेला सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा आणि त्याच्या अंगाला अंग लावून झोपलेला अठरा वर्षे एक महिन्याचा त्याचा मित्र यांच्यात आपल्याला काहीच फरक दिसणार नाही. कायद्याला मात्र तो फार मोठा दिसतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार पहिला मुलगा ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरतो. तो पोलिसांना, रेल्वे सुरक्षा दलाला किंवा एखाद्या संस्थेच्या कार्यकर्त्याला आढळला, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीसमोर हजर करावे लागते, आणि त्याला घरी पाठवायचे, खुल्या निवारागृहात ठेवायचे की बालगृहात, हे ती समिती ठरवते. दुसऱ्या मुलासाठी असे कोणीही बांधील नाही. तो प्रौढ आहे, आणि शहराच्या लेखी तो चाळीस-पन्नास वर्षांच्या इतर बेघर पुरुषांपैकीच एक आहे.

हा फरक मुलांना आपल्यापेक्षा चांगला ठाऊक असतो. बालगृहात बंद होण्याची भीती असलेला मुलगा सोळाव्या वर्षी एकोणीस सांगतो, आणि ज्याला छप्पर हवे आहे तो विसाव्या वर्षी सतरा सांगतो. वयाबद्दल शंका असेल तर प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा अथवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, असा क्रम कायद्याने घालून दिला आहे. व्यवहारात पहिल्या रात्री यातले काहीच हाताशी नसते. त्या रात्री मुलाचे म्हणणे ऐकून घेणे आणि कागद सकाळी शोधणे, एवढेच शक्य असते.

ही सगळी मुले घरातून पळून आलेली असतात, हा समज अर्धाच खरा आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर वडिलांच्या धाकाने निघालेले, दारूपायी रोज मार खाल्लेले, आईच्या मृत्यूनंतर घरात नकोसे झालेले असे बरेच असतात. पण तितकेच असे असतात की ज्यांना घरानेच पाठवलेले असते: शेतात काही उरले नाही, मुकादमाची उचल फिटली नाही, ‘पुण्याला जा, काहीतरी मिळेल’ असे सांगून मराठवाड्यातून रात्रीच्या एसटीत बसवून दिलेले. ओळखीच्याने सांगितलेले हॉटेलातले काम पंधरा दिवसांत सुटते, हॉटेलच्या माळ्यावरची झोपायची जागाही त्याच्याबरोबर जाते, आणि तोंड घेऊन गावी परतायचे कसे, या संकोचाने मुलगा स्थानकाजवळ थांबतो. काहींचे आईवडीलच पदपथावर जन्मले आणि सिग्नलला फुगे विकत वाढले. त्यांच्या बाबतीत ‘घर सोडले’ या शब्दांना अर्थच नाही.

मात्र ज्या गटाबद्दल मला सर्वाधिक वाईट वाटते, तो बालगृहांतून बाहेर पडलेल्यांचा आहे. ज्या मुलाने सहाव्या वर्षापासून घंटा वाजल्यावर जेवायचे आणि घंटा वाजल्यावर झोपायचे, त्याला अठरावे पूर्ण होताच भाडे, आधार, बँक आणि मालक या चार गोष्टी एकाच आठवड्यात शिकाव्या लागतात. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये अनाथ उमेदवारांसाठी एक टक्का आरक्षण दिले, त्या निर्णयामागे एका मुलीचा चिकाटीचा पाठपुरावा होता. वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर गोव्यातील संस्थेतून बाहेर पडून ती पुण्याला आली आणि या शहरातील तिची पहिली रात्र पुणे रेल्वे स्थानकावर गेली, हे तिने स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. ती तिथून शिकली आणि शासनाला निर्णय घ्यायला लावण्यापर्यंत पोहोचली. त्याच फलाटावर तिच्या आधी आणि नंतर रात्री काढलेल्या कितीतरी जणांचे पुढे काय झाले, हे आज कोणीही सांगू शकत नाही.

अशा तरुणांसाठी कायद्यात सोय नाही असे नाही. संस्थेतून बाहेर पडल्यावर वयाच्या २१ वर्षांपर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत आधार देण्याची, तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांत सहा ते आठ तरुणांच्या गटाला तात्पुरते एकत्र घर, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन आणि एक मार्गदर्शक व्यक्ती, इतका बारीक विचार केलेला आढळतो. बालसंरक्षणासाठीच्या केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी दरमहा ४,००० रुपये ठरवलेले आहेत. पण अधिनियमाच्या कलम ४६ मधील भाषा आर्थिक साहाय्य ‘देता येईल’ अशी आहे, ‘दिले जाईल’ अशी नाही, आणि त्या एका क्रियापदामुळे कितीतरी अर्ज मागे पडलेले मी पाहिले आहेत. रकमेचेही तसेच आहे. पेठांमध्ये कॉट बेसिसवर जागा घेऊन दोन वेळची मेस लावली, की महिना सरायच्या आत हे पैसे सरतात. डिपॉझिटचा तर त्यात विचारच नाही.

आता निवाऱ्याकडे येते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात मोठ्या शहरांना दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारण्यास सांगितले, आणि पुढे २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातही हेच प्रमाण घेतले गेले. त्या अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवारा वर्षभर, चोवीस तास उघडा असावा आणि दरमाणशी किमान ५० चौरस फूट जागा मिळावी. पुणे महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेत ३१ लाखांहून अधिक लोक होते. त्या जुन्या आकड्यानेही एकतीस निवारे लागतात, आणि शहर त्यानंतर किती वाढले हे आपण रोज बघतोच. तेवढे निवारे पुण्यात नाहीत. तरीही मुले तिथे का जात नाहीत, याचे कारण केवळ जागेच्या तुटवड्यात नाही, कारण अनेकदा खाट रिकामी असूनही मुलगा पायरीवरच झोपलेला असतो.

पहिली अडचण वेळेची असते. हॉटेलात भांडी घासणारा किंवा लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी म्हणून गेलेला मुलगा रात्री बारा-साडेबाराला सुटतो, तोवर बऱ्याच ठिकाणी दरवाजा लागलेला असतो. दुसरी अडचण सोबतीची. निवाऱ्यात बहुसंख्य लोक वयस्क असतात, त्यांतले काही आजारी, काही व्यसनी, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला त्यांच्यात आपल्या पुढच्या तीस वर्षांचे चित्र दिसते. शिवाय रात्री अंगाशी येणाऱ्यांची भीती असते, जी मुलगे कधीच उघड बोलून दाखवत नाहीत. तिसरी अडचण पिशवीची. कुलूपबंद कप्पा नसेल तर मोबाइल, बूट आणि कागदपत्रे उशाशी घेऊन जागतच रात्र काढावी लागते, आणि मग पायरी काय वाईट, असा त्यांचा साधा हिशोब असतो. काही ठिकाणी ओळखपत्राशिवाय नोंद होत नाही. ज्याचे सर्वस्व प्रवासात चोरीला गेले, त्याच्याकडे ओळखपत्र कोठून असणार?

याहून खोल कारण म्हणजे ही मुले स्वतःला बेघर मानत नाहीत. इतक्या वर्षांत एकाही मुलाच्या तोंडून मी ‘मी बेघर आहे’ असे वाक्य ऐकलेले नाही. ‘सध्या बाहेर आहे’ असे ती म्हणतात. ‘बेघर निवारा केंद्र’ अशी पाटी असलेल्या दारातून आत जाणे म्हणजे ती गोष्ट स्वतःशी कबूल करणे, आणि त्यासाठी त्या वयाचे मन तयार नसते. पाटीवरचा एक शब्द बदलून अधिक मुले आत येणार असतील, तर तो बदलायला कोणाचीच हरकत असू नये.

आम्हीही सुरुवातीला चुकलो. माझ्या पहिल्या काही वर्षांत मुलगा आला, की आम्ही रात्रीच नोंदवही उघडून नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, घर का सोडले, व्यसन आहे का, असे दीड-दोन तास विचारत असू. एका रात्री असाच एक मुलगा सगळी उत्तरे नीट देऊन झोपला, आणि पहाटे तीनच्या सुमारास निघून गेला. चादर घडी घालून ठेवली होती. त्याने सांगितलेले गाव, शाळा, वडिलांचे नाव, सगळे खोटे निघाले. त्यानंतर आम्ही पहिल्या रात्री तीनच गोष्टी विचारू लागलो: तुला कोणत्या नावाने हाक मारू, कुठे दुखते-खुपते आहे का, आणि तुला कोणापासून भीती आहे का. बाकी जेवण, आंघोळीला गरम पाणी, कुलपाची किल्ली आणि मोबाइल चार्ज करायला जागा. खरी हकिकत तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपोआप येते, बहुधा भाजी निवडताना किंवा कपडे वाळत घालताना.

निवाऱ्याचा खरा उपयोग कशात आहे, हे मला कामाच्या बऱ्याच वर्षांनंतर समजले, आणि आपल्या प्रश्नाचे मुख्य उत्तर तेच आहे. रस्त्यावर झोपणाऱ्या तरुणाला काम मिळत नाही असे नसते. पुण्यात केटरिंग, मार्केट यार्डातली हमाली, गाड्या धुणे, बांधकामावरची बिगारी अशी कामे रोज मिळतात. पण ती रोजच्या रोज पैसे देणारी कामे असतात. महिन्याच्या पगाराची नोकरी, मग ती गॅरेजमधली असो, दुकानातली असो की रुग्णालयातली सफाईची, पहिले तीस ते चाळीस दिवस हातात काहीच देत नाही. आज रात्री जेवायचे कशाने, हा प्रश्न ज्याच्यापुढे आहे, तो ती नोकरी घेऊच शकत नाही, आणि घेतली तरी आठवड्यात सोडतो. म्हणून तो रोजंदारीवर राहतो. रोजंदारीवर राहिल्याने डिपॉझिट साठत नाही. डिपॉझिट नसल्याने खोली मिळत नाही. आणि पायरीवर झोपणाऱ्याला नोकरीवर वेळेत, स्वच्छ कपड्यांत, पुरेशी झोप झालेल्या डोळ्यांनी पोहोचता येत नाही. हे चक्र एकाच जागी तुटते. निवारा त्या तरुणाला महिनाअखेरपर्यंत थांबण्याची मुभा देतो. खाट आणि जेवण ही त्याची साधने आहेत.

हे मान्य केले, की निवारा कसा चालवावा याची बरीच उत्तरे मिळतात. पंधरा दिवसांत ‘आता जागा रिकामी कर’ असे सांगणारा निवारा तरुणांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. पहिला पगार येऊन दुसरा यायला लागतो तो काळ धरून किमान तीन महिने हवेत. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसा झोपता आले पाहिजे. पहिल्या पगारातला काही भाग त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात राहील, हे बघायला कोणीतरी हवे, कारण हातात आलेले पैसे मित्रांच्या उधारीत जातात, आणि उधारी फेडणे ही रस्त्यावरच्या मुलांमध्ये प्रतिष्ठेची गोष्ट असते.

या तीन महिन्यांतला सर्वांत मोठा वेळ कागदपत्रे खातात. आधार हरवले असेल आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांकही गेला असेल, तर ते परत मिळवण्यात आठवडे जातात. कायमचे घर नसलेल्यांच्या नोंदणीसाठी विशेष व्यवस्था करण्याची तरतूद २०१६ च्या आधार कायद्यातच आहे, आणि मान्यताप्राप्त निवारागृहाच्या अधीक्षकाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र पुरावा म्हणून चालते. हे नोंदणी केंद्रावरच्या माणसाला माहीत नसेल, तर शांतपणे दाखवून द्यावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला आणायला आम्ही शक्यतो मुलाबरोबर गावी जातो, कारण त्या निमित्ताने घरचेही भेटतात. आईवडील हयात नसलेल्यांना अनाथ प्रमाणपत्र महिला व बाल विकास विभागाकडून मिळते, त्याशिवाय आरक्षणाचा लाभ होत नाही. बेघर व्यक्तीला मतदार म्हणूनही नोंदवता येते. ती जिथे झोपते असे सांगते तिथे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन खात्री करतो आणि पत्त्याचा कागद लागत नाही. मतदार ओळखपत्र हातात आल्यावर एक मुलगा ते बराच वेळ उलटसुलट करून पाहत बसला होता, ते मला अजून आठवते.

घरी परत पाठवण्याबद्दल माझे मत थोडे कठोर वाटेल. निकालाच्या धाकाने आलेला मुलगा दोन-तीन दिवसांत आईशी फोनवर बोलतो, आठवड्यात घरी जातो आणि बहुधा तिथेच राहतो. अशा वेळी निवारा जितका कमी मध्ये येईल तितके बरे. पण जिथे मारहाण किंवा लैंगिक अत्याचार झालेला आहे, तिथे ‘घरी पोहोचवले’ अशी नोंद करून काम संपवणे म्हणजे मुलाला दुसऱ्या शहराच्या फलाटावर पोहोचवणे होय. असे मुलगे आम्हाला पुन्हा भेटलेले आहेत, आणि दुसऱ्यांदा भेटले तेव्हा ते पूर्वीपेक्षा फार गप्प झालेले होते.

आपल्या पाहणीत सगळे मुलगेच आहेत, मुली नाहीत, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते. बेघर मुली नसतात असे नाही. त्या उघड्यावर झोपत नाहीत, कारण झोपूच शकत नाहीत. लग्न ठरवले म्हणून निघालेली किंवा आंतरजातीय प्रेमामुळे जिवाला भीती असलेली मुलगी मैत्रिणीच्या खोलीवर, ओळखीच्या ओळखीकडे, नाहीतर आसरा देतो म्हणणाऱ्या पहिल्या माणसाकडे जाते, आणि बुधवार पेठेसारखी वेश्यावस्ती असलेल्या शहरात त्या पहिल्या माणसाचा हेतू काय असतो, हे सांगायला नको. अठराच्या वरच्या मुलीसाठी १८१ ही महिला मदतवाहिनी आणि संकटातल्या महिलांसाठीचे शासनाचे सखी केंद्र आहे, पण सखी केंद्रातला मुक्काम काही दिवसांचाच असतो. तिथून पुढे कोठे, हा प्रश्न बहुतेक वेळा रात्री आठ वाजता फोनवर सोडवावा लागतो. तृतीयपंथी म्हणून घरातून काढलेल्या मुलांना तर मुलांच्या निवाऱ्यातही सुरक्षित वाटत नाही आणि मुलींच्या निवाऱ्यात प्रवेश नसतो. त्यांच्यासाठी केंद्राने ‘गरिमा गृह’ योजना आणली आहे, तिचा विस्तार व्हायला हवा.

ज्याची मानसिक अवस्था ठीक नाही असे दिसते, त्याला निवाऱ्यात आणण्याचा आग्रह मी धरत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार अशा निराधार व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत शासकीय आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी पोलिसांची आहे.

आता, आपण स्वतः काय करावे. मुलगा अठराच्या आतला वाटत असेल, तर १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर किंवा ११२ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे आणि मदत येईपर्यंत शक्य असल्यास त्याच्याजवळ थांबावे. दया येऊन त्याला परस्पर घरी ठेवून घेऊ नये. हेतू कितीही चांगला असला तरी चोवीस तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते त्याच्या हिताचेही आहे. अठराच्या वरचा असेल तर पहिल्या दिवशी केवळ बोलावे. आपण शिक्षक होता, तेव्हा कसे बोलावे हे मी सांगण्याची गरज नाही; पण ‘शिकत का नाहीस’ हा प्रश्न पहिल्या भेटीत टाळावा. पैसे देण्यापेक्षा चहा बरोबर प्यावा. दोन-तीन पहाटे ओळख झाली, की निवाऱ्याचे नाव सांगावे आणि जमल्यास बरोबर जावे, कारण त्या दारातून एकट्याने आत शिरणे किती अवघड असते, हे मी वर लिहिले आहे. ब्लँकेट देण्याचा आपला विचार चांगला आहे, पण डिसेंबरात ब्लँकेट देणारे पुष्कळ असतात. पुण्यात या मुलांचे खरे हाल जून ते सप्टेंबरमध्ये होतात, जेव्हा पायरीही ओली असते आणि अंगावरचे कपडे वाळत नाहीत.

आणि आपली माडीवरची खोली. निवाऱ्यात तीन-चार महिने काढून, पगार सुरू झालेले आणि थोडे पैसे साठवलेले तरुण आमच्याकडे नेहमीच असतात, आणि ते नेमके याच टप्प्यावर अडकतात. त्यांच्याकडे आधार आहे, पगाराची चिठ्ठी आहे, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची तयारी आहे, तरीही घरमालक आईवडिलांचा फोन क्रमांक मागतो आणि बोलणे तिथेच संपते. आपण एखाद्या नोंदणीकृत संस्थेमार्फत दोन किंवा तीन तरुणांना, अकरा महिन्यांच्या रीतसर करारावर, रास्त भाड्याने ती खोली द्यावी. फुकट देऊ नये, कारण भाडे भरणे हा त्यांच्या दृष्टीने मानाचा भाग असतो. डिपॉझिट मात्र एकदम न घेता पाच-सहा हप्त्यांत घ्यावे. संस्थेचा कार्यकर्ता महिन्यातून दोनदा येऊन जाईल, हे करारातच लिहून घ्यावे. घरमालकाने आईवडिलांचा क्रमांक मागितला, की सध्या आमच्या काही मुलांच्या अर्जावर त्या जागी माझा क्रमांक असतो. आपल्याकडे आलेल्या मुलांना तो रकाना रिकामा ठेवता आला, तरी पुष्कळ होईल.